न्हाणीघरातली रिळं

जुने सिनेमे जमवणाऱ्यांची एक वेगळीच जात असते. कुणाकडे व्हीसीडींचे ढीग, कुणाकडे डीव्हीडी आणि ब्लू-रे ओळीने लावलेल्या, कुणाच्या हार्ड डिस्कवर फोल्डरामागून फोल्डर. पाहुणे आले की यांना कपाट उघडून दाखवल्याशिवाय चैन पडत नाही. या जातीचा मूळपुरुष शोधायला गेलं तर आपण एका जाड्या, विस्कटलेल्या, खिशात सहसा पैसे नसणाऱ्या फ्रेंच माणसापाशी येऊन पोचतो. त्याचं नाव आंरी लांग्लवा. (स्पेलिंगवर जाऊ नका, फसाल.) तरुणपणी एका लघुपटात मित्राबरोबर थोडा हात घातला तेवढाच, बाकी दिग्दर्शक म्हणून त्याचं नाव कुठेच नाही. तरीही जागतिक सिनेमाचा इतिहास शिकवणाऱ्या कुठल्याही पुस्तकातून हा माणूस वजा केला तर बरीच पानं कोरी पडतील.

त्याचा जन्म १३ नोव्हेंबर १९१४ चा, आणि तोही फ्रान्समधला नाही. आईवडील फ्रेंच, पण राहायला तुर्कस्तानातल्या स्मिर्ना या बंदराच्या गावी. आज त्याला इझमिर म्हणतात. ग्रीक, तुर्क, आर्मेनियन, ज्यू, युरोपियन असे सगळे तिथे दाटीवाटीने राहायचे. १९२२ च्या सप्टेंबरात, युद्धाच्या शेवटी, ते शहर पेटलं आणि कित्येक दिवस जळत राहिलं. लांग्लवा कुटुंब सगळं मागे टाकून पॅरिसला आलं. आंरी तेव्हा आठ वर्षांचाही नव्हता. पुढे आयुष्यभर त्यानं काही म्हणता काही फेकून दिलं नाही, याचं मूळ लिहिणारे लोक त्या आगीत शोधतात. मला ते पटतं, पण सगळं तेवढ्यावर ढकलणंही बरोबर नाही. शहर गमावलेली हजारो मुलं होती, त्यातल्या एकानंच सिनेमे जमवले.

पॅरिसमध्ये त्यानं अभ्यासापेक्षा थिएटरं जास्त केली. बाकालोरेआ, म्हणजे तिकडची शाळा संपतानाची मोठी परीक्षा, तिच्यात तो नापास झाला. मुद्दाम झाला असं सांगणारेही पुष्कळ आहेत. वडिलांनी वैतागून त्याला एका छापखान्यात कामाला लावलं. तिथे त्याला जॉर्ज फ्रांज्यू भेटला. हाही त्याच वयाचा, हाही सिनेमाचा वेडा. पुढे तो नावाजलेला दिग्दर्शक झाला.

आता त्या वेळची परिस्थिती समजून घ्यायला हवी. १९२७ नंतर बोलपट आले आणि दोन-तीन वर्षांत मूकपटांचा बाजार उठला. कालपर्यंत गर्दी खेचणारं रीळ आज भंगार झालं. निर्मात्याला ते ठेवायला जागा लागायची, वर आगीचा धोका. त्यापेक्षा ते विकून टाकलेलं परवडायचं, कारण फिल्मच्या थरात चांदी असते आणि ती वितळवून काढता येते. जुन्या जरीच्या साड्या जाळून आपल्याकडे चांदी काढायचे ना, तसंच. कोणी दुष्टपणानं करत होतं असं नाही. सिनेमा ही जपायची वस्तू आहे हेच कुणाच्या डोक्यात नव्हतं. पुस्तकांसाठी ग्रंथालयं होती, चित्रांसाठी संग्रहालयं होती. सिनेमा म्हणजे जत्रेतला खेळ. जत्रा उठली, खेळ संपला.

लांग्लवा आणि फ्रांज्यू यांनी १९३५ मध्ये एक फिल्म क्लब काढला. तिथे मूकपट दाखवायचे. त्या काळातल्या बाकीच्या क्लबांत खेळ संपला की रीतसर चर्चा व्हायची, कुणीतरी उठून भाषण ठोकायचं. यांनी तो प्रकारच ठेवला नाही. बघा, आणि मग बाहेर जाऊन काय बोलायचं ते बोला. आपल्या मंडळातल्या काहींना हे आवडणार नाही. पण फुटपाथवर होणारी चर्चा हॉलमधल्या चर्चेपेक्षा लांब चालते हा अनुभव तर सगळ्यांचाच आहे.

क्लबला सिनेमे लागायचे, आणि ते मिळवता मिळवता लक्षात आलं की नुसते दाखवून भागणार नाही, आधी वाचवायला हवेत. म्हणून १९३६ मध्ये ‘सिनेमातेक फ्रांसेज’ ही संस्था उभी राहिली. लांग्लवा एकवीस वर्षांचा, म्हणजे आत्ता माझ्याच वयाचा. सोबत फ्रांज्यू आणि अभ्यासक जाँ मित्री. सिनेव्यवसायाचं एक साप्ताहिक चालवणाऱ्या पॉल-ऑगस्त आर्ले यांनी पैसे दिले. सुरुवात झाली दहा सिनेमांनी. त्याच वर्षी पुण्यात प्रभातचा ‘संत तुकाराम’ पूर्ण झाला. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीतून वर आल्या. इकडे वितळायला निघालेली रिळं वर काढायचं काम नुकतं सुरू होत होतं.

डबे ठेवायला जागा नव्हती, म्हणून त्यानं घरच्या बाथटबमध्ये रिळं रचली, ही त्याच्याबद्दलची सगळ्यात लाडकी गोष्ट. घरच्यांनी अंघोळी कुठे केल्या हे कुणी सांगत नाही.

त्याची एक खोड मात्र नीट बघण्यासारखी आहे. तो निवड करत नसे. चांगला सिनेमा ठेवू, वाईट सोडू, हा हिशेबच त्याच्याकडे नव्हता. जे मिळेल ते घ्यायचं. त्याचं म्हणणं साधारण असं, की आज आपण कोण ठरवणारे? आणि हे त्यानं सिद्धही करून दाखवलं. लुई फ्यादच्या ‘ले व्हाँपीर’सारख्या गुन्हेगारी मालिका १९१५-१६ मधल्या. शिकल्यासवरल्या लोकांना त्या स्वस्त करमणूक वाटायच्या. सिनेमातेकमध्ये त्या पुन्हा लागल्या आणि पुढच्या पिढीच्या दिग्दर्शकांनी त्यात खजिना पाहिला. त्या मालिकेत काळा घट्ट पोशाख घालून छपरांवरून पळणारी नायिका म्युझिदोरा. म्हातारपणी ती सिनेमातेकमध्येच काम करायची, कधी कधी तिकीट खिडकीवरही बसायची. आत पडद्यावर ती तरुण आणि बाहेर तिकीट फाडून देणारी तीच. किती जणांनी ओळखलं असेल कुणास ठाऊक.

लुईस ब्रुक्सचंही तसंच. ती अमेरिकन नटी तिच्याच देशात पार विस्मरणात गेली होती. १९५५ मध्ये पॅरिसच्या आधुनिक कला संग्रहालयात लांग्लवानं सिनेमाच्या साठ वर्षांचं प्रदर्शन भरवलं, आणि तिथे तिचा भलामोठा फोटो टांगला. १९५८ मध्ये तिच्या सिनेमांचा महोत्सव केला, तेव्हा ती स्वतः पॅरिसला आली. आज ‘पँडोराज बॉक्स’ची डिस्क आपल्याला घरबसल्या मिळते, तिच्या मागे हे सगळं आहे.

पण मी पुढे गेले. मधे युद्ध आहे. १९३८ मध्ये पॅरिस, लंडन, न्यूयॉर्क आणि बर्लिन इथल्या चार संस्थांनी मिळून ‘फियाफ’ ही फिल्म संग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना काढली होती. म्हणजे नाझी जर्मनीचा संग्रह चालवणारा फ्रँक हेन्सेल आणि लांग्लवा एकाच टेबलावर बसलेले. दोन वर्षांत जर्मन फौजा पॅरिसमध्ये आल्या. हेन्सेल गणवेशात आला. आणि या नाझी अधिकाऱ्यानं सिनेमातेकच्या संग्रहाला बरंच संरक्षण दिलं. का दिलं? सिनेमावरच्या प्रेमापोटी, की सहकाऱ्याची भीड म्हणून? यावर सोपं उत्तर द्यायचा मोह मी टाळते. त्याच वेळी लांग्लवा बंदी घातलेले सिनेमे इकडे तिकडे दडवत होता आणि चोरून दाखवतही होता.

लोटे आइझनर ही जर्मन ज्यू समीक्षक १९३३ मध्येच बर्लिन सोडून पॅरिसला आली होती. युद्धात तिला गुर्सच्या छावणीत डांबलं. तिथून ती निसटली आणि लुईझ एस्कोफिये असं फ्रेंच नाव घेऊन लपून राहिली. लांग्लवानं दक्षिणेत फिजाक गावाजवळच्या एका जुन्या गढीत सिनेमांचे डबे दडवले होते. लोटे तिथे गारठ्यात बसून ते एकेक डबे उघडून नोंदी करत असे. त्या डब्यांत चॅप्लिनचा ‘द ग्रेट डिक्टेटर’सुद्धा होता. हिटलरच्या हद्दीत, हिटलरची टर उडवणारा सिनेमा, आणि त्याची यादी करणारी एक लपलेली ज्यू बाई. युद्ध संपल्यावर ती सिनेमातेकची मुख्य अभिरक्षक झाली आणि पुढची तीस वर्षं राहिली. जर्मन मूकपटांवरचं तिचं पुस्तक अजून अभ्यासाला लावतात.

ती, लांग्लवाची सोबतीण मेरी मीर्सन आणि जुने सिनेमे पुन्हा जोडून देणारी मारी एप्स्तेन, या तिघींचा उल्लेख लांग्लवाच्या गोष्टीत बहुधा एका ओळीत उरकतात. मलाही इथे जागा कमी आहे, पण निदान एवढं सांगते की या नसत्या तर लांग्लवाच्या डब्यात काय आहे ते लांग्लवालाही कळलं नसतं. हिशेब, नोंदी, यादी या गोष्टींशी त्याचं कधी पटलं नाही.

१९४८ मध्ये मेसीन रस्त्यावर एक छोटंसं सभागृह मिळालं, पन्नास-साठ खुर्च्यांचं. एका संध्याकाळी लागोपाठ तीन खेळ, तिन्हींचा एकमेकांशी वरवर काही संबंध नाही. मूकपटाला संगीत नाही. जपानी सिनेमाला फ्रेंच उपशीर्षकं नसली तरी हरकत नाही. भाषा कळत नसेल तर कॅमेरा कुठे ठेवलाय ते तरी बघाल, असा त्याचा कावा. पहिल्या रांगेत, पडद्याला नाक लावून, काही पोरं रोज बसायची. ट्रुफो, गोदार, रिव्हेत, शाब्रोल. त्यांच्यात जरा मोठा रोमेर. यातल्या कुणीच रीतसर फिल्म स्कूल पुरं केलं नाही. दहा वर्षांनी त्यांनी स्वतः सिनेमे काढले आणि फ्रेंच न्यू वेव्ह आली. ‘फोर हंड्रेड ब्लोज’ १९५९ चा, ‘ब्रेथलेस’ १९६० चा. ते स्वतःला सिनेमातेकची मुलं म्हणवत.

इथे त्या वादाकडे यावं लागतं, जो मला या माणसाच्या आयुष्यातला खरा वाद वाटतो. लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचा संग्रह अर्नेस्ट लिंडग्रेन सांभाळायचा. शिस्तीचा माणूस. त्याचं तत्त्व असं की एकुलती एक प्रत असेल तर ती प्रोजेक्टरवर चढवायचीच नाही. आधी तिची दुसरी प्रत काढा, मग दाखवा. प्रत काढायला पैसे नसतील तर थांबा. लांग्लवाला हे म्हणजे मुडदाघर वाटायचं. न दाखवलेला सिनेमा त्याच्या लेखी मेलेलाच. तो मूळ प्रतसुद्धा बिनदिक्कत लावायचा.

कागदावर बघितलं तर लिंडग्रेनचं बरोबर आहे. १९५० च्या सुमारापर्यंतची फिल्म नायट्रेटची असायची. ती भडकन पेटते आणि एकदा पेटली की पाण्यानंही विझत नाही, कारण जळायला लागणारा प्राणवायू तिच्या स्वतःतच असतो. पेटली नाही तरी ती वर्षानुवर्षं आतून सडते, चिकट होते, शेवटी तपकिरी भुकटी उरते. आणि दर खेळाला थोडे ओरखडे येतातच. तिला थंड, कोरडी खोली आणि कुणीतरी सारखं लक्ष ठेवणारं लागतं. लांग्लवाकडे यातलं काहीच पुरेसं नव्हतं. १९५९ च्या जुलैत कूर्सेल रस्त्यावरच्या सिनेमातेकच्या अंगणात डब्यांना आग लागली. कुठले सिनेमे गेले याची पुरी यादीसुद्धा कुणाला देता आली नाही, कारण मुळात यादीच धड नव्हती. ज्या माणसानं इतकं वाचवलं त्याच्या हाताखाली इतकं जळलं. त्याच्या भक्तांना हे वाक्य आवडत नाही, पण ते लिहायलाच हवं. पुढच्याच वर्षी तो फियाफमधून भांडून बाहेर पडला.

जपणूक म्हणजे काय हे आपल्या हवेत तर वेगळं सांगायला नको. माझ्या मावशीच्या रोसची आणि लग्नाची व्हीएचएस कॅसेट आमच्या घरी प्लॅस्टिकच्या पिशवीत, गाठ मारून, अगदी नीट ठेवलेली. दोन पावसाळ्यांत टेपवर पांढरी बुरशी. कुणी लावून बघितलीच नव्हती. लिंडग्रेनची सगळी काळजी आणि निकाल हा.

भारतातही हा प्रश्न आला. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय फिल्म संग्रहालय सुरू झालं आणि पी. के. नायर यांनी ते उभं केलं. आपल्याकडे हजाराहून जास्त मूकपट बनले, हाती लागले ते अगदी मोजके. नाशिकला फाळक्यांच्या घरच्यांकडून ‘राजा हरिश्चंद्र’ आणि ‘कालिया मर्दन’ची उरलेली रिळं नायर सरांनी मिळवली. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ मात्र आजही कुठे नाही. नायर सरांना भारताचे लांग्लवा म्हणतात, पण माझ्या मते ते दोघांच्या मधे कुठेतरी होते. नोंदवहीत रीळ आणि रीळ टिपून ठेवायचे, आणि त्याच वेळी कर्नाटकातल्या हेग्गोडूसारख्या खेड्यात डबे पाठवून शेतकऱ्यांना जगभरचे सिनेमे दाखवायचे. तरीही २००३ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात नायट्रेटच्या कोठीला आग लागलीच, आणि प्रभातच्या जुन्या प्रती त्यात गेल्या.

परत पॅरिसला. १९६३ पासून सिनेमातेकचे खेळ शायोच्या राजवाड्यात व्हायला लागले. सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांचा पाठिंबा होता, सरकारी पैसा यायला लागला, आणि पैशामागून हिशेबनीस आले. संग्रह नक्की किती? कुठे ठेवलाय? पावत्या कुठे आहेत? प्रश्न रास्त होते. उत्तरं नव्हती. ९ फेब्रुवारी १९६८ ला कार्यकारी मंडळानं लांग्लवाला काढलं. त्याच्या जागी महोत्सव भरवणारे प्येर बार्बाँ आले, कुलपं बदलली गेली.

मग जे झालं ते सरकारच्या स्वप्नातही नव्हतं. चॅप्लिन, हिचकॉक, फ्रिट्झ लांग, कुरोसावा अशा दिग्दर्शकांनी कळवलं की लांग्लवा नसेल तर आमचे सिनेमे दाखवायचे नाहीत. बचाव समिती झाली. जाँ रेन्वार मानद अध्यक्ष, आलँ रेने अध्यक्ष, ट्रुफो खजिनदार. १४ फेब्रुवारीला शायोसमोर हजारो लोक जमले आणि पोलिसांनी लाठ्या चालवल्या. गोदार, ट्रुफो यांनाही मार बसला. एका फिल्म लायब्ररीच्या संचालकासाठी माणसं रस्त्यावर लाठ्या खातात, हे आज वाचतानाही जरा विचित्रच वाटतं. ट्रुफोचं तेव्हा ‘स्टोलन किसेस’चं शूटिंग चालू होतं. सेटवरून मोर्चाला, मोर्चावरून सेटवर. तो सिनेमा सुरू होतो तो सिनेमातेकच्या बंद दारावर, आणि अर्पण आहे लांग्लवाला. २२ एप्रिलला लांग्लवा परत खुर्चीवर आला. पुढच्याच महिन्यात पॅरिस पेटलं, आणि पुष्कळ जण मे ६८ ची रंगीत तालीम त्या फेब्रुवारीत पाहतात.

जिंकला खरा, पण सरकारनं हात आखडता घेतला. सरकारचा स्वतःचा वेगळा संग्रह बुआ दार्सी इथे सुरू झाला, लिंडग्रेनला आवडेल असा. लांग्लवा कमाईसाठी विमानानं कॅनडात माँट्रियलला जाऊन विद्यार्थ्यांना सिनेमा शिकवू लागला. परीक्षेत नापास झालेला माणूस प्राध्यापक. तरीही १९७२ मध्ये त्यानं शायोमध्ये सिनेमाचं संग्रहालय उघडलंच. पोशाख, कॅमेरे, पोस्टरं, सेटचे तुकडे, हिचकॉकनं दिलेली ‘सायको’मधल्या आईची कवटी. कशाखाली धड पाट्या नाहीत. बघणाऱ्यानं ओळखावं. तोपर्यंत त्या दहा सिनेमांचे साठ हजारांवर झाले होते. १९७४ मध्ये अमेरिकेनं त्याला मानद ऑस्कर दिलं.

घरी मात्र तंगीच. १३ जानेवारी १९७७ ला तो गेला, वयाच्या बासष्टाव्या वर्षी. त्याच्या काहीच महिने आधी जपानमध्ये पहिला व्हीएचएस रेकॉर्डर बाजारात आला होता. सिनेमा कुणाच्याही घरच्या कपाटात राहू शकतो, हे जग लांग्लवाला बघायला मिळालं नाही. त्याला आवडलं असतं की तो चिडला असता, यावर आपल्या मंडळात खुशाल भांडा. माझं मत, तो सगळ्या कॅसेट घरी घेऊन आला असता आणि मग शेजाऱ्यांना बोलावून बसवलं असतं.

सिनेमातेक २००५ पासून पॅरिसच्या बेर्सी भागात, फ्रँक गेरीच्या इमारतीत आहे. आता तिथे याद्या आहेत, थंड खोल्या आहेत, प्रतींची डागडुजी होते आणि त्यातल्या काही डिस्कवर येऊन आपल्यापर्यंत पोचतात. लांग्लवा मोंपार्नासच्या दफनभूमीत आहे. त्याच्या थडग्याच्या दगडावर एक इंचही मोकळा नाही, सगळीकडे सिनेमांतली छोटी छोटी चित्रं दाटीवाटीनं चिकटवली आहेत.